बडोद्याचा वटवट्या

नंदुरबारहून बडोद्याला जायचे म्हणजे बहुतेक वेळा सुरतेला गाडी बदलावी लागते. वाटेत नवापूर येते. हे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. फलाटावरच्या त्या दोन राज्यांत वाटल्या गेलेल्या बाकावर बसून ज्याने फोटो काढला नाही, असा माणूस आपल्याकडे विरळाच. बडोद्यात उतरल्यावर मात्र ही रेघ कुठे सापडत नाही. सकाळच्या नाश्त्याला तिथे सेव उसळ खातात. त्यातली उसळ आपली आणि सेव त्यांची असे म्हणायचीही सोय नाही, कारण बडोदेकर दोन्ही आपलीच मानतो.

माझी मावशी पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन बडोद्याला गेली. आधी दांडिया बाजारात, आता अकोट्याच्या बाजूला एका सोसायटीत तिचे घर आहे. २०२५ च्या पावसाळ्यात मी आठ दिवस तिच्याकडे राहिले. राजवाडा, संग्रहालय, सूरसागर हे सारे पूर्वीच पाहून झालेले, त्यामुळे या खेपेला कसली घाई नव्हती. पहिल्याच सकाळी अंगणात चहा घेत असताना कुंपणाच्या मेंदीतून आवाज यायला लागला. ‘जिमी-जिमी-जिमी-जिमी’ असा, एका दमात दहा-बारा वेळा. एखादे हट्टी पोर दारात उभे राहून मित्राला एकसारख्या हाका मारते ना, तसा.

‘‘हा कोण गं?’’ मी विचारले.

‘‘वटवट्या,’’ मावशी म्हणाली.

‘‘आ तो फुत्की छे,’’ शेजारच्या बेन भिंतीपलीकडून म्हणाल्या.

‘‘रेन वॉर्बलर. ॲशी रेन वॉर्बलर,’’ काकांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता निकाल देऊन टाकला. काकांच्या कपाटात सालिम अलींच्या ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ची एक जुनी, पाठ सुटलेली प्रत आहे. तिच्यात जे छापले आहे ते काकांच्या लेखी शेवटचे.

पक्षी एक आणि नावे तीन. बडोद्याला यात नवल वाटायचे कारण नाही. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांसाठी आठ भाषांचा ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ तयार करवून १९३१ मध्ये छापला होता. एकाच गोष्टीला कचेरीतल्या कचेरीत चार नावे असली की कामाचा घोटाळा होतो, हे त्या राजाला पक्के ठाऊक होते. पक्ष्यांच्या बाबतीत असा घोटाळा झाला तर काय होते, हे मला त्या आठ दिवसांत हळूहळू कळत गेले. आणि त्याची सुरुवात काकांच्या ‘रेन’पासून झाली.

रेन हा मुळात इंग्लंडातला पक्षी. अंगठ्याएवढा, तपकिरी, गोल, शेपूट सरळ वर उभारलेली, आणि आवाज अंगाच्या मानाने अवाढव्य. युरोपातल्या जुन्या गोष्टीत तो पक्ष्यांचा राजा होतो. सगळ्यांत उंच उडेल तो राजा असे ठरते, गरुड सगळ्यांच्या वर जातो आणि त्याच्या पाठीवर लपून बसलेला रेन ऐन वेळी आणखी हातभर वर उडतो. शास्त्रज्ञांनी त्याला ‘ट्रोग्लोडायटीस’, म्हणजे बिळात-गुहेत राहणारा, असे नाव दिले, कारण तो फटीफटींतून किडे शोधत हिंडतो. या कुळात नव्वदच्या आसपास जाती आहेत आणि गंमत अशी, की एक वगळता बाकीच्या सगळ्या अमेरिका खंडातल्या. ती एक जात युरोप-आशियात पसरली आहे. आपल्या देशात ती काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत हिमालयात सापडते. म्हणजे खरा रेन पाहायचा तर हिमालय गाठायला हवा. बडोद्यात तो कधीही येत नाही.

मग काकांच्या कुंपणात रेन कुठून आला? तो बोटीतून आला, असे म्हणायला हरकत नाही. इंग्रज जिथे जिथे गेले तिथे त्यांनी घरच्या पक्ष्यांची नावे बरोबर नेली. शेपूट उभारून झुडपात खुडबुड करणारा कुठलाही लहान जीव दिसला की त्यांना गावचा रेन आठवायचा. ऑस्ट्रेलियात ‘फेअरी रेन’ झाले, न्यूझीलंडमध्ये आणखी काही रेन झाले, हिंदुस्थानात ‘रेन वॉर्बलर’ आणि ‘रेन बॅब्लर’ झाले. यातल्या एकाचेही खऱ्या रेनशी रक्ताचे नाते नाही. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या प्रत्येक प्रेमळ माणसाला ‘काका’ म्हणावे, तसला हा प्रकार.

या पक्ष्याची शास्त्रीय नोंद मात्र इंग्लंडात बसून झालेली नाही. ती आपल्या दख्खनच्या मातीतली आहे. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबईच्या फौजेतला अधिकारी. १८२४ पासून तो मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत हिंडत होता. गावे, पिके, जमीन, लोक यांच्याबरोबर त्याने पशुपक्षीही टिपले आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र सोसायटीपुढे ठेवली. तळ्याकाठी मान आखडून बसलेली आपली ढोकरी जगाला पहिल्यांदा शास्त्रीय नावाने माहीत झाली ती याच यादीतून. याच यादीत दोन वटवटे आहेत. एक राखी वटवट्या, ‘प्रिनिया सोशॅलिस’, म्हणजे मिळून-मिसळून राहणारा. दुसरा साधा वटवट्या, ‘प्रिनिया इनॉर्नाटा’, म्हणजे ज्याच्या अंगावर कसला दागिना नाही तो. ‘प्रिनिया’ हा शब्दही ना इंग्रजी ना लॅटिन. जावा बेटावरच्या लोकांनी तिकडच्या अशाच एका पक्ष्याला दिलेल्या नावावरून हॉर्सफील्ड या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये तो उचलला.

तरीही पुस्तकांतून ‘रेन वॉर्बलर’च चालत राहिले. सालिम अलींनी १९४१ मध्ये आपले पुस्तक काढले तेव्हा हेच नाव वापरले. १९५४-५५ मध्ये त्यांनी ‘बर्ड्‌स ऑफ गुजरात’ ही लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिली तोवरही चलनात तेच होते. ‘प्रिनिया’ हे नाव आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षकांच्या तोंडी रुळले ते १९९० नंतर. मी काकांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘नाव बदलून पक्षी बदलतो काय?’’

पक्षी बदलत नाही, हे खरे. पण नाते बदलते. पूर्वी हे सगळे वॉर्बलर, म्हणजे वटवट करणारे बारीक पक्षी, एकाच मोठ्या कुळात कोंबलेले होते. डीएनएचा अभ्यास सुरू झाल्यावर त्या गर्दीची फोड झाली. वटवटे ‘सिस्टिकोलिडी’ नावाच्या वेगळ्या कुळात गेले. या कुळातल्या बहुतेक जाती आफ्रिकेतल्या. म्हणजे बडोद्याच्या कुंपणातल्या पक्ष्याचे भाऊबंद इंग्लंडात नसून आफ्रिकेच्या गवताळ रानात आहेत. आणि याच कुळात आला आपला शिंपी, गुजरातीतला दरजीडो. पाने शिवून घरटे करणारा हा पक्षी वटवट्याचा जवळचा नातलग ठरला.

हे ऐकून मावशीला काहीच वाटले नाही. ‘‘त्यात काय? दोघं एकाच तऱ्हेनं शिवतात,’’ ती म्हणाली. आणि तिने मला मागच्या अंगणात नेऊन घरटे दाखवले.

मावशीने मागे चार वाफे केले आहेत. भेंडीच्या एका झाडाला, जमिनीपासून दीड-दोन वितींवर, दोन पाने कडेने एकमेकांना जोडलेली होती. शिवणीला कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणि कापसाचे तंतू. आत गवताच्या बारीक काड्या आणि केस. लांबून पाहिले तर कीड लागून पान गुंडाळले आहे असेच वाटावे. आत तीन अंडी. वटवट्याची अंडी पाहिली नसतील त्यांना सांगते, ती पांढरी नसतात, ठिपक्यांचीही नसतात. ताज्या विटेसारखी तांबडी आणि पॉलिश केल्यासारखी चकचकीत. साध्या वटवट्याची अंडी याच्या अगदी उलट, निळसर आणि वर डाग असलेली. एकाच घराण्यातली दोन भावंडे, पण अंड्यांवरून कुणी ओळखणार नाही.

जोडीतले दोघेही पिलांसाठी राबतात. घरट्याजवळ कुणी आले की वटवट्या या फांदीवरून त्या फांदीवर उडतो आणि उडताना ‘टिक्-टिक्’ असा आवाज काढतो, विजेच्या तारेतून ठिणग्या उडाव्यात तसा. हा आवाज पंखांचा की चोचीचा, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मी बराच वेळ पाहिले, मला तो पंखांचाच वाटला. पक्ष्याचे वजन सात-आठ ग्रॅम. एक-एक रुपयाची दोन नाणी तळहातावर ठेवा, झाला वटवट्या. वरून राखी, पोटाकडे तांबूस-पिवळसर झाक, डोळे तांबडे, आणि शेपूट अंगाच्या मानाने लांब, सतत वरखाली हलणारी. इंग्रजांना रेनची आठवण झाली ती या शेपटीमुळेच असणार.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली होती. पंधरा ऑगस्टच्या आधी सगळी कुंपणे छाटायची, गवत काढायचे, आवार स्वच्छ करायचे. मावशी फळा वाचून घरी आली आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माळी आला तेव्हा तिने त्याला चहा दिला आणि भेंडीच्या झाडापाशी नेऊन उभे केले. तो दाहोदकडचा माणूस. त्याने पाहिले, हसला, खिशातली एक लाल चिंधी काढली आणि त्या वाफ्याच्या कडेच्या काठीला बांधली. मग कुंपणाच्या तेवढ्याच सात-आठ हात भागाला हात न लावता बाकीचे छाटून काढले. सेक्रेटरींनी विचारले तेव्हा मावशी म्हणाली, ‘‘तेवढं राहू द्या, आमच्याकडे बाळंतीण आहे.’’ सेक्रेटरी गुजराती. त्यांना बाळंतीण हा शब्द कळला नाही, पण मावशीचा सूर कळला.

कायद्याने पाहिले तरी मावशीचे म्हणणे रास्त होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे हेही येते. बंदूकच लागते असे नाही, कात्रीही पुरते. वटवटे बहुतेक करून पावसाळ्यातच घरटी करतात, कारण तेव्हा किडे भरपूर आणि झाडोरा दाट. आणि आपल्याकडे कुंपणे छाटायचा, बांधावरचे गवत कापायचा हंगामही नेमका तोच.

आता वाचक विचारतील, हा पक्षी दुर्मीळ आहे का? मुळीच नाही. जगातल्या जिवांच्या स्थितीची यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या लेखी राखी वटवट्या ‘लीस्ट कन्सर्न’, म्हणजे काळजीचे कारण नसलेल्या वर्गात आहे. पाकिस्तानचा काही भाग, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, पश्चिम म्यानमार आणि वाळवंट सोडून जवळजवळ सगळा भारत एवढा त्याचा मुलूख. २०२३ मध्ये देशातल्या ९४२ जातींचा आढावा घेणारा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल आला. हजारो हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर तो उभा आहे. त्यात ज्या थोड्या पक्ष्यांचे उत्तम चालले आहे असे म्हटले आहे त्यांत पारवा, कोकीळ, मोर यांच्या रांगेत आपला राखी वटवट्याही आहे. माणसाने बाग केली, तो बागेत आला. माणसाने मेंदी लावली, तो मेंदीत शिरला. शहाणा पक्षी!

ही आनंदाची गोष्ट आहे, पण मला तिच्यात एक खोच दिसते. त्याच अहवालात असेही आहे, की गवताळ माळ आणि झुडपी रान यांवरच अवलंबून असलेले पक्षी झपाट्याने कमी होत आहेत. आणि वटवट्याचे सगळेच भाऊबंद काही बागेत राहायला येत नाहीत. रान वटवट्या थोराड, त्याला कोरडी झुडपे आणि खडकाळ उतार लागतात. तांबूस कपाळाचा वटवट्या गुजरात-राजस्थानकडच्या रुक्ष माळांचा. काकांच्या पुस्तकात हे सगळे ‘रेन वॉर्बलर’ एका ओळीत बसले आहेत, आणि आपणही ‘वटवट्या ना, तो तर कुठेही दिसतो’ असे म्हणून मोकळे होतो. एकाचे बरे चालले म्हणून घराण्याचे बरे चालले, असे नसते. हे माणसांतही आपण पाहतोच.

नावाच्या आणि वर्गाच्या घोळाने खरेच नुकसान कसे होते, याचे एक उदाहरण या पक्ष्याच्या शेजारीपाजारीच आहे. अलेक्झांडर बर्न्स हा कच्छमध्ये काम केलेला इंग्रजांचा गाजलेला अधिकारी. त्याच्या नावाने १८४४ मध्ये सिंधू नदीकाठच्या उंच गवतातल्या एका लांब शेपटीच्या पक्ष्याची नोंद झाली. तो वटवट्यांतच, प्रिनिया म्हणून, धरला गेला. आसामकडे ब्रह्मपुत्रेच्या गवतात तसाच दिसणारा एक पक्षी होता, तो त्याचाच पोटप्रकार मानला गेला. म्हणजे यादीत जात एकच. पुढे २००५ च्या सुमारास दोघे वेगळे धरले जाऊ लागले, आणि डीएनएने तर असे सांगितले, की हे दोघेही वटवटे नव्हेतच. ते जमिनीलगत वावरणाऱ्या बॅब्लरांच्या कुळातले आहेत. वेगळी खाती उघडल्यावर आसामच्या खात्यात किती थोडी शिल्लक आहे ते उघड झाले. आज तो संकटग्रस्त पक्ष्यांत मोजला जातो, तर सिंधूकाठचा धोक्याच्या उंबरठ्यावर. पक्षी तेच, गवत तेच. कागदावर नाव नव्हते तोवर त्याच्या अडचणीची नोंदही नव्हती. काकांच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला सापडले नसते.

न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर तर नोंद व्हायलाच उशीर झाला. तिथला न उडणारा एक ‘रेन’, तोही नावापुरताच रेन, १८९४ मध्ये शास्त्रज्ञांच्या हाती लागला, आणि दिवाबत्तीच्या मनोऱ्याबरोबर बेटावर आलेल्या मांजरांनी त्याला थोड्याच काळात संपवून टाकले.

तिसऱ्या दिवशी मी कमाटीबागेत गेले. कागदोपत्री सयाजीबाग, पण रिक्षावाल्याला कमाटीबागच सांगावे लागते. महाराजांनी १८७९ मध्ये केलेली ही बाग विश्वामित्रीच्या काठाला आहे. आतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे, तो पाहायला शाळांच्या सहली येतात. मी बाहेर, नदीच्या बाजूच्या झुडपांपाशी, अर्धा तास उभी राहिले. सात वटवटे मोजले. सकाळी फिरायला येणारी एवढी माणसे बाजूने जात होती, पण कुणी वर पाहत नव्हते, आणि पाहायची गरजही नव्हती, कारण ते खाली होते.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि बडोद्याच्या ऐन मधून वळसे घेत जाते. तिच्या मगरी प्रसिद्ध आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत मोजल्या तेव्हा चारशेच्या वर निघाल्या. मगर मोठी, भीतिदायक, तिला मोजतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला, तेव्हा मगरी रस्त्यांवर आल्याची छायाचित्रे देशभर गेली. मावशीच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर कमरेएवढे पाणी होते. फ्रीज, गाद्या, लग्नातले अल्बम, सगळे गेले. या शहराने तीन दिवस काय सोसले ते ऐकल्यावर, २०२५ च्या पावसाळ्याआधी नदीचे पात्र खोल आणि रुंद करायचे काम घाईने झाले, याबद्दल बडोदेकराला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. ज्याच्या घरात पाणी शिरले त्याला पाणी पुढे गेलेले हवे.

पण काठ पाहिला तेव्हा चर्र झाले. जिथे यंत्रे फिरली होती तिथे उतार मातीचे, उघडे. पूर्वी त्यांच्यावर गवत, बोरी, बाभळी, वेली यांची दाटी असे. नदीला दोन्ही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या घळी आहेत, गुजरातीत त्यांना कोतर म्हणतात. पुराचे पाणी याच कोतरांत पसरते, थबकते आणि मुरते. २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने विश्वामित्रीच्या प्रकरणात पात्र, पूरमैदान आणि कोतरे जपायला सांगितले ते याचसाठी. म्हणजे कोतर हे काही केवळ पाखरांचे लाड नव्हेत, माणसाच्या खालच्या मजल्याचा विमाही तोच आहे. कोतर बुजवून वर इमारत उभी राहिली की पाणी दुसऱ्याच्या घरात जाते, आणि वटवट्या कुठेच जात नाही, कारण त्याला जायला जागा नसते.

कोतराची, माळाची, झुडपी जमिनीची कागदावरची जात कोणती? सरकारी दप्तरात ती गुजरातीत ‘पडतर’ किंवा ‘खराबो’, आपल्याकडे ‘पडीक’ किंवा सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’. केंद्र सरकार वेस्टलँड ॲटलास काढते, त्यात झुडपी जमिनीचा वर्गच आहे. वेस्टलँड म्हणजे वाया गेलेली जमीन. पक्ष्याचे कूळ शास्त्रज्ञांनी पुरावा आला तसे बदलले. रेन म्हणता म्हणता वॉर्बलर, वॉर्बलरचा सिस्टिकोलिडी. जमिनीचे कूळ मात्र महसूल खात्याच्या दप्तरात जे पडले ते पडले. पिकत नाही, सारा येत नाही, म्हणजे खराब. मग तिथे कचरा टाकला, खाण काढली, प्लॉट पाडले, तरी कुणाला काही बिघडल्यासारखे वाटत नाही. रान वटवट्या तिथेच राहतो आणि त्याचाही वर्ग ‘काळजीचे कारण नाही’ हाच आहे, कारण ती यादी सगळ्या मुलखाची सरासरी पाहते. अमुक नदीचा अमुक काठ साफ झाला, हे तिच्यात दिसत नाही. ते पाहायचे काम त्या काठावर राहणाऱ्याचे.

शेवटच्या दिवशी काकांना म्हटले, वढवाण्याला जाऊ या. डभोईपर्यंत बस, पुढे रिक्षा. डभोई हे आगगाडीच्या शौकिनांचे तीर्थ. १८६२ मध्ये मियागामकडे जाणाऱ्या इथल्या छोट्या रुळांवर सुरुवातीला बैल डबे ओढत असत. वढवाण्याचा तलाव बडोदे संस्थानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीच्या पाण्यासाठी बांधला, आणि २०२१ मध्ये त्याला रामसर पाणथळ जागेचा मान मिळाला. हिवाळ्यात इथे परदेशी बदके आणि हंस यांची झुंबड असते. आम्ही गेलो तेव्हा पावसाळी आभाळ, तलाव चढत चाललेला, आणि बदकांचा पत्ता नाही.

फाटकावरचा माणूस म्हणाला, ‘‘अत्यारे कंई नथी. डिसेंबरमां आवजो.’’

काका खट्टू झाले. तेवढ्यात काठाच्या पाणकणसांतून ‘ट्ली-ट्ली-ट्ली-ट्ली’ असा आवाज उठला. राखी वटवट्यापेक्षा पातळ, किरकिऱ्या, एखादा किडा ओरडावा तसा. कणसाच्या दांड्याला आडवा धरून साधा वटवट्या बसला होता. मातकट पाठ, फिकट भुवई, लांब शेपूट. वारा आला की कणीस वाकायचे आणि त्याच्याबरोबर तोही वाकायचा, पण तोंड बंद नाही. पलीकडे दुसरा, त्याच्या पलीकडे तिसरा. प्रत्येकाने आपला-आपला तुकडा वाटून घेतलेला.

काकांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढली नाही. ‘‘इंडियन रेन वॉर्बलर,’’ ते पुटपुटले. मग जरा थांबून म्हणाले, ‘‘साधा वटवट्या म्हणायचं ना याला?’’

मी नंदुरबारला परतल्यावर दहा-बारा दिवसांनी मावशीचा फोन आला. तिन्ही पिले उडाली होती. एक दिवसभर भेंडीखालीच फडफडत होते, मग संध्याकाळी कुंपणात गेले. माळ्याने लाल चिंधी सोडून परत खिशात घातली, आणि राहिलेले सात-आठ हात मेंदी त्याने अजून छाटलेली नाही. सेक्रेटरींनी पुन्हा विचारले, तर पुढच्या वेळी बघू म्हणाला.